शून्यावर न टेकणारा काटा

आजपासून कत्तिरी. पंचांगात तिला अग्निनक्षत्र म्हणतात, पण चेन्नईत रस्त्यावर, बसमध्ये, भाजीवाल्याच्या तोंडी कत्तिरीच. मे महिन्यातले हे पंचवीसेक दिवस. गच्चीवरच्या टाकीतून नळाला आयतंच गरम पाणी येतं. सकाळी सातला गॅलरीच्या कठड्याला हात लागला तर चटकन मागे घ्यावा लागतो. कोपऱ्यावर ताडगोळेवाला कोयता घेऊन बसतो आणि दुपारपर्यंत त्याच्याभोवती काळ्या टरफलांचा ढीग साचतो. या दिवसांत इथली माणसं विहीर खोदत नाहीत, घराचा पाया खणत नाहीत, आणि खरं सांगायचं तर एकमेकांशी नीट बोलतही नाहीत.

मला हा ऋतू आवडतो. भांडखोर माणसाला तो सोयीचा आहे, कारण भांडण झालं की दोष उन्हाला देता येतो. मी भांडखोर आहे, हे आधीच सांगून टाकते. मिरजेहून लग्न करून इथे आले त्याला सत्तावीस वर्षं झाली. नवरा तंजावरकडच्या जुन्या मराठी घरातला. गुरुराज त्याचं नाव, बँकेत नोकरी, स्वभावाने इतका शांत की त्याच्याशी भांडायचं म्हणजे उशीवर बुक्क्या मारण्यासारखं. त्याची कसर सासूबाई भरून काढतात. त्यांना सगळे अम्मा म्हणतात, मीही. त्यांचं वय एक्याऐंशी, पण कत्तिरी लागली की पहाटेच गच्चीवर जुनं धोतर अंथरून त्यावर तांदळाच्या पिठाच्या वडामांचे, म्हणजे इथल्या सांडग्यांचे, गोळे घालतात, आणि कावळ्यांना तमिळमधून शिव्या देतात.

आज त्या गच्चीवर होत्या आणि मी खाली जेवणाच्या टेबलापाशी बसले होते. पाठ खुर्चीला टेकलेली, दोन्ही पावलं जमिनीवर, पाय एकमेकांवर नाहीत. बाही वर, उघड्या दंडाला रक्तदाबाचा पट्टा, हात टेबलावर छातीच्या उंचीला. कॉफी अजून घेतलेली नाही. पाच मिनिटं गप्प बसायचं. दिवसातली ही पाच मिनिटं मला सगळ्यांत जड जातात. पण ती पाळल्याशिवाय बटण दाबायचं नाही, हा माझा नियम आहे, आणि तो मी एका कत्तिरीत शिकले. चार वर्षं झाली त्याला.

माझं काम थोडं सांगायला हवं, नाहीतर पुढचं सगळं आक्रस्ताळेपणा वाटेल. गिंडीच्या औद्योगिक वसाहतीत आमचं एक लहानसं युनिट आहे. आम्ही काही बनवत नाही. दुसऱ्यांची मापं खरी आहेत की खोटी ते तपासतो. कारखान्यांतून दाब मोजणारी प्रेशर गेज येतात, तापमापक येतात. आम्ही त्यांना आमच्या खात्रीच्या मास्टर गेजशेजारी बसवतो, तोच दाब दोघांना देतो आणि कोण किती चुकतंय ते लिहून काढतो. बरोबर असेल तर गेजवर हिरवा स्टिकर लावतो. त्यावर तपासल्याची तारीख, पुढच्या तपासणीची तारीख आणि सही असते. चुकत असेल तर लाल. बाहेर डांबर वितळत असलं तरी आमची खोली वर्षभर तेवीस अंशांवर असते, आणि आत यंत्राच्या तेलाचा आणि स्पिरिटचा वास असतो. तो वास मला देवघरातल्या वासाइतका ओळखीचा आहे.

पण खरी मजा साइटवर. मोठी गेज गिंडीपर्यंत आणता येत नाहीत, म्हणून मास्टर पेटीत घालून आम्हीच कारखान्यात जातो, श्रीपेरुंबुदूरला, ओरगडमला. सकाळी कामगारांच्या बसमध्ये बसायचं, पेटी मांडीवर घ्यायची. सुरुवातीला मालक नटराजन सर मला पाठवायला तयार नव्हते. शिडीवर चढायचं असतं, बॉयलरजवळ उभं राहायचं असतं, बाईमाणूस कसं करणार? तीन वर्षं भांडून मी ती साइट ड्यूटी मिळवली. नंतर वीस वर्षं केली. कुणी मला विचारलं की आयुष्यात काय कमावलंस, तर मी मुलीच्या आधी ते सांगेन, आणि मुलगी रागावणार नाही, कारण ती मला ओळखते.

चार वर्षांपूर्वी कत्तिरीच्या पहिल्याच आठवड्यात युनिटमध्ये आरोग्य तपासणीचं शिबिर झालं. बाहेरून कुणीतरी आले होते. तिसऱ्या मजल्यावर टेबल मांडलं होतं आणि लिफ्ट बंद होती. मी नुकतीच दोन कप कॉफी पिऊन, जिने चढून, नटराजन सरांशी एका बिलावरून वाद घालत वर पोचले. समोरच्या माणसाने मला स्टुलावर बसवलं, सुती ब्लाउजच्या जाड बाहीवरूनच पट्टा गुंडाळला, माझा हात मांडीवर लोंबत ठेवला, आणि फुगा दाबता दाबता विचारलं, "रात्री झोप नीट लागते का, मॅडम?" मी उत्तर देत होते तेवढ्यात त्याने आकडा लिहिला. एकशे चौऱ्याहत्तर आणि खाली एकशे आठ.

मी आकड्याकडे पाहिलं नाही. मी गेजकडे पाहत होते. पट्ट्यातली हवा पूर्ण सुटली होती, फुगा लोळागोळा पडला होता, आणि तबकडीवरचा काटा चौदावर उभा होता.

"तुमचा काटा शून्यावर येत नाही," मी म्हटलं.

"थोडं इकडेतिकडे चालतं, मॅडम. पुढे कोण आहे?"

थोडं इकडेतिकडे चालतं! ही ओळ मी कारखान्यांत हजार वेळा ऐकली आहे, आणि प्रत्येक वेळी माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली आहे. त्या संध्याकाळी नटराजन सरांनी मला बोलावून यादी दाखवली. माझ्या नावापुढे लाल शाईत लिहिलं होतं: दाब जास्त, उंचीवरचं व बाहेरचं काम नको. सर चांगले गृहस्थ आहेत. ते म्हणाले, "सुनंदा मॅडम, पुरे झालं आता. खाली आरामात बसून रिपोर्ट तपासा. तुम्हाला काही झालं तर मी काय करू?"

म्हणजे वीस वर्षांची साइट ड्यूटी एका चौदावर अडलेल्या काट्याने खाल्ली. मी घरी आले ती तणतणत.

अम्मांनी ऐकून घेतलं. मग ताटात दहीभात वाढला आणि बरणीतून दोन मावडू काढून त्यावर ठेवले. मावडू म्हणजे बोराएवढ्या कैऱ्या, फेब्रुवारी-मार्चमध्ये मीठ, मोहरी आणि एरंडेलात घातलेल्या. मेपर्यंत त्या सुरकुततात आणि दात लावला की खारं पाणी तोंडभर होतं. कत्तिरीत आमच्या घरी दुसरं तोंडीलावणं नसतं.

"गोळी मात्र घेऊ नकोस ग," अम्मा म्हणाल्या. "गोळी म्हणजे सूडु. कत्तिरींत सूडु वेण्डाम. असकें मीठ घामांतून जातेंच की, मग गोळी कशाला होणां?"

सूडु म्हणजे उष्णता, वेण्डाम म्हणजे नको, आणि असकें म्हणजे सगळं. आंबा सूडु, अंडं सूडु, इंग्रजी औषध तर सगळ्यांत सूडु. या घरात एक रीत होती: कत्तिरी लागली की रक्तदाबाची गोळी बंद, संपली की सुरू. सासरे अकरा वर्षं तसंच करत होते. बाराव्या कत्तिरीत ते सकाळी पेपर वाचता वाचता एका अंगाला कलंडले. नंतर दोन वर्षं बोलता येत नव्हतं, डाव्या हाताने पाटीवर लिहायचे. ते गेल्यावर कपाट आवरताना मला मावडूच्या बरणीमागे गोळ्यांची एक पट्टी सापडली. एकही गोळी काढलेली नव्हती. ती तिथे कुणी ठेवली, हे मी अम्मांना कधी विचारलं नाही. अम्मा मात्र तेव्हापासून ठासून सांगतात, की गोळ्यांनीच त्यांचं रक्त आटवलं.

मला त्या रात्री सासरे आठवले का? नाही. मला फक्त तो काटा आठवत होता.

दुसऱ्या दिवशी मी शिबिराचं ते यंत्र मागवून घेतलं. आमच्या युनिटचं आवार, आमची माणसं, त्यांना नाही म्हणता आलं नाही. मी त्याची नळी तोडून मध्ये तीन तोंडांचा सांधा बसवला, एका तोंडाला आमचा मास्टर, दुसऱ्याला त्यांचं गेज, तिसऱ्याला हातपंप. मास्टर शंभर दाखवत होता तेव्हा त्यांचं गेज एकशे तेरा. मास्टर दीडशे, त्यांचं एकशे चौसष्ट. या कामाला तीनची सूट असते, हे तेरा-चौदा जास्त दाखवत होतं. मी तक्ता भरला, सही केली, तबकडीवर लाल स्टिकर चिकटवला आणि पेटी घेऊन थेट ते शिबिर भरवणाऱ्या डॉक्टरबाईंच्या दवाखान्यात गेले.

डॉक्टरबाई तरुण, केस आखूड कापलेले, टेबलावर अर्धा खाल्लेला उत्तपा. आम्ही तमिळमध्ये बोललो, इथे मराठीत लिहिते. त्यांनी तक्ता वाचला, मग पुन्हा वाचला. मला वाटलं, आता चिडतील. त्या म्हणाल्या, "शिबिरात त्या दिवशी नव्वद माणसं तपासली. सगळ्यांना परत बोलवावं लागेल. अय्यो." आणि कपाळाला हात लावला.

मी फुशारले होते. मी गेजबरोबर बाकीचीही यादी वाचली: जिने, कॉफी, बाहीवरचा पट्टा, लोंबता हात, बोलणं. त्यांनी ऐकलं आणि शेवटी एकच विचारलं, "लघवीला जाऊन आला होतात का?" मी म्हटलं, नाही. "मग तेही लिहा," त्या म्हणाल्या. "आणि तुमच्या दंडाला तो पट्टा लहान पडत असणार. लहान पट्टा जास्त दाखवतो. पण मॅडम, एवढ्या सगळ्या चुका काढून टाकल्या की खाली काय उरतं, ते तुम्हाला ठाऊक आहे का?"

मला ठाऊक नव्हतं. त्यांनी मला एक यंत्र दिलं, मोठा पट्टा दिला, आणि सांगितलं: सात दिवस, सकाळी दोनदा, संध्याकाळी दोनदा, पाच मिनिटं गप्प बसून. "मग या. इथे मी पुन्हा तपासते. तोवर साइट नाही."

यंत्र आधी मी लॅबमध्ये तपासलं, हे सांगायला नकोच. एकच कमी दाखवत होतं. पास. मी त्यावर हिरवा स्टिकर लावला.

त्या आठवड्यात मी बरंच वाचलं, आणि जे वाचलं ते मला माझ्या धंद्याच्या भाषेतच कळलं. कारखान्यात कॉम्प्रेसर असतो, त्याच्या टाकीला दाबाचा स्विच असतो. दाब ठरल्यापेक्षा उतरला की मोटर सुरू, चढला की बंद. आपल्या मानेत, दोन्ही बाजूंना, जिथे नाडी लागते तिथे असेच दोन पहारेकरी बसलेले आहेत. आपण पलंगावरून उठून उभे राहिलो की रक्त पायांकडे धावतं, आणि आपल्याला भोवळ येण्याआधीच ते मेंदूला कळवतात, हृदय जोर धरतं, नसा आवळतात. मूत्रपिंड मीठ आणि पाणी किती ठेवायचं, किती सोडायचं ते बघतं, म्हणजे दिवसांचा हिशोब त्याच्याकडे आणि क्षणांचा मानेकडे. कत्तिरीत नसा सैल पडतात, घाम जातो, दाब थोडा उतरतो. अम्मांच्या म्हणण्यात तेवढा कण खरा होता. अर्धवट खरं बोलणाऱ्या माणसाशी भांडणं फार कठीण असतं.

पण एका ओळीशी मी थांबले. दाब वर्षानुवर्षं चढा राहिला तर मानेतले ते पहारेकरीही त्यालाच खरा समजू लागतात. स्विचची खूण वर सरकते, आणि मग तो अगदी इमानाने चुकीचा दाब राखतो. म्हणून माणसाला काही जाणवत नाही. डोकं दुखत नाही, चक्कर येत नाही. बिघडलेलं गेज कधी ओरडून सांगतं का, मी बिघडलोय? आमचा सगळा धंदा त्यावरच उभा आहे. एवढं मी इतरांना वीस वर्षं समजावत आले होते.

पहिल्या दिवशी सकाळी एकशे चोपन्न, शहाण्णव. माझा विश्वास बसला नाही, दुसऱ्यांदा घेतला. एकशे बावन्न, चौऱ्याण्णव. संध्याकाळी एकशे छप्पन्न. दुसऱ्या दिवशी एकशे पन्नास. मी वहीत लिहीत गेले, तारीख, वेळ, कोणता हात, खोलीचं तापमान. तिसऱ्या दिवशी पट्टा बदलून पाहिला, चौथ्या दिवशी खुर्ची. पाचव्या दिवशी यंत्र परत लॅबमध्ये नेऊन मास्टरला जोडलं. यंत्र बरोबर होतं. सहाव्या दिवशी मी गुरुराजच्या दंडाला पट्टा बांधला, एकशे अठरा आला, आणि मला त्याचा मनापासून राग आला.

"किती आहे तुझा?" त्याने विचारलं.

"बघू," मी म्हटलं आणि वही पिशवीत टाकली. घरात कुणाला दाखवली नाही.

आता जे सांगते त्याची मला लाज वाटते, तरी सांगते. सातव्या दिवशी डॉक्टरबाईंकडे जायचं होतं. दोन दिवस आधीपासून मी कॉफी सोडली. मावडू, अप्पळम म्हणजे इथले पापड, लोणचं सगळं बंद. दुपारी ताडगोळे आणि ताक, तेही अळणी. त्या दिवशी सुट्टी घेतली, सकाळी दोन तास पडून राहिले, रिक्षाने गेले, दवाखान्याच्या गार खोलीत पाऊण तास डोळे मिटून श्वास मोजत बसले. बाईंनी सगळे नियम पाळून दोनदा तपासलं. एकशे बत्तीस, चौऱ्याऐंशी.

"घरचे आकडे?" त्यांनी विचारलं.

"साधारण असेच," मी म्हणाले. वही पिशवीत होती.

त्यांनी कागदावर लिहिलं: कामास योग्य. मी तो कागद नटराजन सरांच्या टेबलावर आपटला. कारण तो आपटायचाच होता. शिपायापासून सगळ्यांना मी सुकामेवा घातलेला हलवा वाटला. अम्मांनी संध्याकाळी ताटात पुन्हा दोन मावडू ठेवले आणि मी दोन्ही खाल्ले.

पुढच्याच सोमवारी श्रीपेरुंबुदूरला साइट होती. सकाळची बस, मांडीवर पेटी, खिडकीतून येणारी पहिली गरम झुळूक. मी एवढी खूश होते की शेजारच्या मुलीला माझा अर्धा डबा दिला. एका मोठ्या पुरवठादाराच्या कारखान्यात टाक्यांची गेज तपासायची होती. फोरमनने मला पहिलं गेज दिलं, ते इतकं स्वच्छ होतं की काचेवर बोटाचा ठसाही नव्हता. मी ते उलटं केलं. मागच्या आट्यांवर तेलाचा थेंब नाही. असं गेज मी ओळखते. त्याला आम्ही आपसांत ऑडिटचं गेज म्हणतो. ते कपाटात फडक्यात गुंडाळून ठेवतात. तपासणीच्या दिवशी बाहेर काढून बसवतात आणि तपासणारा गेला की परत कपाटात. रोज खऱ्या दाबाला तोंड देणारं गेज वेगळंच असतं.

"रोजचं कुठे आहे?" मी विचारलं.

फोरमन पन्नाशीचा, चेहऱ्यावरून भला माणूस. "हेच आहे, मॅडम."

"हे कपाटातलं आहे. रोजचं आणा."

त्याने आजूबाजूला पाहिलं. मग हळू आवाजात म्हणाला, "मॅडम, रोजचं नापास झालं तर लाइन थांबेल. कागद पास झाला की सगळ्यांचं भलं. तुम्हाला काय फरक पडतो?"

मी त्याला माझं ठेवणीतलं भाषण दिलं. टाकी फुटली हे कागदाला कळत नाही, माणसाला कळतं. वीस वर्षं हेच भाषण देते, प्रत्येक शब्द पाठ आहे. पण त्या दिवशी अर्ध्यावर माझा आवाज अडखळला. पेटीशेजारी माझी पिशवी होती आणि पिशवीत ती वही. दोन दिवस अळणी ताक पिऊन, पाऊण तास गार खोलीत श्वास मोजून मी कोणाला तपासायला नेलं होतं? रोजची सुनंदा घरी होती, एकशे चोपन्नवर. डॉक्टरबाईंसमोर मी कपाटातली नेली होती. म्हणतात ना, लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. फोरमनने रोजचं गेज आणलं. ते बारा कमी दाखवत होतं. मी त्यावर लाल स्टिकर लावला, तो तिरका बसला, आणि उन्हाला दोष देण्याची इच्छा झाली नाही. तेव्हा मला सासरे आठवले. बरणीमागची ती अखंड पट्टी आठवली.

परतताना मी बस अलीकडेच सोडली आणि दवाखान्यात गेले. रांग मोठी होती. आत शिरताच मी वही टेबलावर ठेवली.

"तुमचा आकडा पुन्हा चुकला आहे," मी म्हणाले. "या वेळी माझ्या बाजूने."

बाईंनी वही उघडली. एकेक पान वाचलं, तापमानाच्या रकान्यापाशी किंचित हसल्या. मग हसणं थांबलं. "मॅडम, हा कागद मी फाडला तर तुमची साइट जाईल. ठाऊक आहे ना?"

"फाडा. पण चुकीचा आकडा धरून मला घरी बसवू देणार नव्हते, तसा चुकीचा आकडा धरून शिडीवरही चढणार नाही. खऱ्या आकड्यावर काय करता येतं ते सांगा."

मी हे मोठ्या आवाजात बोलले. बाहेरच्या रांगेने ऐकलं असावं. 

त्यांनी कागद फाडला. रक्त तपासलं, लघवी तपासली, हृदयाचा आलेख काढला. दाबाने आत अजून काही खराब केलं नव्हतं. रोज एक लहान पांढरी गोळी सांगितली. मीठ कमी, चालणं, आणि मावडूचं नाव घेऊन म्हणाल्या, ते म्हणजे मिठाची पुडीच, एखादं, तेही धुऊन, आणि रोज नाही. मी विचारलं, कत्तिरीत गोळी बंद करायची का? "उन्हाने दाब फार उतरला, उभं राहताना गरगरलं, तर माझ्याकडे या. गोळी मी कमी करेन. तुम्ही नाही, आणि तुमच्या सासूबाई तर मुळीच नाही."

सात आठवडे मी गिंडीच्या खोलीत रिपोर्ट तपासत बसले. नटराजन सर चोरपावलांनी यायचे आणि न बोलता जायचे. मी रोज वही लिहीत होते. एकशे अठ्ठेचाळीस, एकशे बेचाळीस, एकशे चाळीस. मध्ये एकदा गोळी बदलली, एकदा वाढवली. मग एकशे बत्तीस. मग सलग बारा दिवस एकशे तीसच्या आत, मावडू खाल्लेल्या दिवसासकट, सरांशी भांडलेल्या दिवसासकट. ती सगळी पानं घेऊन मी गेले, कपाटातलं काही न नेता. बाईंनी लिहिलं: उपचार चालू, कामास योग्य. दुसऱ्या सोमवारी मी बसमध्ये होते, पेटी मांडीवर.

अम्मांशी मात्र ती लढाई संपली नाही. पुढच्या वर्षी कत्तिरी लागली आणि माझी गोळ्यांची पट्टी फ्रीजवरून नाहीशी झाली. मी थेट बरणीमागे हात घातला. तिथेच होती. मी ती अम्मांसमोर धरली.  त्या माझ्याकडे पाहत राहिल्या आणि त्यांचा चेहरा इतका पांढरा पडला की मला माझीच भीती वाटली. त्या मनात काय मोजत होत्या, ते मला त्या क्षणी कळलं. गोळी बरोबर होती असं मानलं, तर बाराव्या कत्तिरीचं काय करायचं? एवढी मोठी गोष्ट ऐंशीकडे निघालेल्या बाईने कुठे ठेवायची? मी भांडखोर खरी, पण त्या दिवशी नाही भांडले. गोळी काढली, त्यांच्यासमोर गिळली आणि पट्टी परत फ्रीजवर ठेवली. दुसऱ्या वर्षी त्यांनी पट्टीला हात लावला नाही, पण पंचवीस दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. गेल्या वर्षी बोलल्या, फक्त मी गोळी घेताना गच्चीवर निघून जायच्या.

आज पाच मिनिटं संपली. मी बटण दाबलं. पट्टा आवळला, थांबला, सैल पडत गेला. एकशे सव्वीस, अठ्ठ्याहत्तर. मी वहीत लिहिलं. ओरगडमची बस वीस मिनिटांत होती, पेटी दाराशी तयार होती. जिन्यावर पावलं वाजली. अम्मा गच्चीवरून उतरत होत्या, एकेक पायरी, कठडा पदराने धरून, कारण कठडा तापला होता. त्या स्वयंपाकघरात गेल्या. मला फ्रीजवर हात फिरल्याचा आवाज आला, आणि खरं सांगते, माझ्या मानेतले दोन्ही पहारेकरी जागे झाले. मी भांडायला उठलेच होते.

अम्मा बाहेर आल्या. एका हातात पाण्याचा पितळी लोटा होता. दुसऱ्या हाताच्या तळव्यावर, पिठाने पांढऱ्या झालेल्या त्या सुरकुतलेल्या तळव्यावर, पट्टीतून काढलेली माझी गोळी होती.

"घे," त्या म्हणाल्या. "आज कत्तिरी लागली. विसरशील."

मी गोळी घेतली. त्यांनी लोटा परत घेतला आणि भिंतीवरच्या सासऱ्यांच्या फोटोकडे न बघता खुर्ची ओढली. माझ्याच जागी बसल्या, पाठ टेकून, दोन्ही पावलं जमिनीवर. मग चोळीची बाही वर सरकवली.

"बस जाईल तुझी," त्या म्हणाल्या. "बेगी पट्टा बांध."

"पाच मिनिटं गप्प बसावं लागतं, अम्मा."

"चार वर्षं बसलेंच की ग," त्या म्हणाल्या, आणि डोळे मिटून घेतले. मी बस जाऊ दिली.